थोरलीचा हवापालट

थोरलीचा कुणावरही विश्वास नसे, आणि या गुणाचा तिला उभी हयात पगार मिळाला.

कपबश्यांच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसायची. भट्टीतून आलेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या लाकडी काडीने काठावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांगला कप खणखणीत बोलतो. तडा गेलेला घोगरा बोलतो, मग तो वरून कितीही गोरागोमटा दिसो. घोगरा निघाला की टोपलीत. नवीन पोरी म्हणत, "अहो, डोळ्यांना तर काहीच दिसत नाही." ती म्हणे, "डोळ्यांना दिसायला लागलं की फार उशीर झालेला असतो."

निवृत्त झाल्यावर काडी कारखान्यात राहिली, टिचक्या मारायची सवय तेवढी घरी आली. दूधवाला हसला की हिला वाटे, आज पाणी जास्त पडलंय. डॉक्टर म्हणाले, "सगळं उत्तम आहे," की ही दुसऱ्या डॉक्टरांकडे. दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून प्यायचं, असा सगळा कारभार. नवरा होता तोवर त्याने हे हसण्यावारी नेलं. तो गेल्यावर हसण्यावारी नेणारं कुणी उरलं नाही. घरात मुलगा, सून आणि भराभर उंच होणारी नात. आणि जिन्यालगतची थोरलीची खोली, जिच्यात सकाळचं ऊन थेट अंथरुणावर येई.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, आता दोघीही एकट्या. धाकटी त्याच गावात, खालच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. तिने सारी नोकरी रुग्णवाहिका चालवण्यात काढली होती. सुरुवातीला लोक वळून बघत. पुढे पुढे ती गाडीवर आहे कळलं की नातेवाइकांचा जीव अर्धा भांड्यात पडे. पण जावाजावांचं कधी जमलं नाही. सासूबाई वारल्या त्याच आठवड्यात भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ नाहीसं झालं, आणि ते धाकटीने नेलं, हे थोरलीने तेव्हाच ठरवून टाकलं. पुरावा नव्हता. पण धाकटीने त्या घड्याळाची कधी साधी चौकशीही केली नाही, आणि थोरलीच्या मते हाच पुरावा.

तर ही धाकटी एका गारठलेल्या सकाळी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊबाई, समुद्रावर चला. थंडी संपेपर्यंत. मी गाडी घेतलीय."

रस्त्यावर गाडी उभी होती. एकेकाळी ती दातांचा फिरता दवाखाना होती. गावोगाव जाऊन दात उपटायची. धाकटीने ती मोडीतून उचलली, खुर्ची काढून टाकली आणि आत दोन बाकं, बाकांचे रात्री पलंग, दोन शेगड्यांचा गॅस, पाण्याची टाकी, पडद्याआड संडास असं सगळं बसवलं. दात बघायचा तो मोठा वळता दिवा मात्र छतालाच होता. लवंगेच्या तेलाचा वासही गेला नव्हता.

थोरली नाही म्हणणार, एवढ्यात मुलगा आतून म्हणाला, "जा ना आई. हवापालट होईल. तुझा खोकलाही थांबेल."

आणि सून म्हणाली, "आई, मी तुमचा कोट झटकून ठेवलाय."

थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सुनेने तिच्या कोटाला आजवर हात लावला नव्हता. आणि मुलाच्या तोंडात हा 'हवापालट' कुठून आला? कोपऱ्यावरच्या शिंप्याची आई दोन वर्षांपूर्वी हवापालटालाच गेली होती. ती अजून हवा पालटतेच आहे. तिचा पलंग आठवड्याभरात दुकानात आला आणि त्यावर कापडाचे तागे पडले. शिवाय मागच्याच महिन्यात मुलगा टेप घेऊन थोरलीच्या खोलीत शिरला होता. "पडदे शिवायचेत," म्हणाला. पण पडद्यांसाठी कुणी जमीन मोजतं का?

तरीही ती हो म्हणाली. एक तर नाही म्हटलं असतं तर आत काय शिजतंय ते कळलं नसतं. दुसरं, खोकला खरा होता. आणि तिसरं कारण तिने स्वतःशीही मोठ्याने कबूल केलं नाही: तिने समुद्र पाहिला नव्हता.

निघताना सुनेने औषधांची पिशवी दिली. उघडून बघितली तर आत पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या. मुलाने हात हलवला. पण बघत होता तो धाकटीकडे. धाकटीने काचेवरचा बर्फ खरवडला, स्टिअरिंगपाशी बसली आणि गाडी सुरू केली.

धाकटी गाडी चालवायची ती अजून मागे कुणी झोपलेलं असल्यासारखी. खड्डा आला की हळू, वळण आलं की त्याहून हळू. थोरली शेजारी बसून रस्त्यावरच्या खुणा तोंडपाठ करत होती. परतीची वाट आपल्याला ठाऊक असलेली बरी. पाणचक्की, मग लाल पूल, मग विटांची उंच चिमणी. ओठ हलताना बघून धाकटीने विचारलं, "काय पुटपुटताय?"

"काही नाही. देवाचं नाव."

"कोणत्या देवाचं नाव 'लाल पूल' आहे, जाऊबाई?"

पुढच्या खुणा थोरलीने मनातल्या मनात पाठ केल्या.

पहिल्या मुक्कामी धाकटीने चहा केला आणि गाडीचं दार नीट लागलंय का बघायला उतरली. थोरलीला एकदम वाटलं, हिने आपल्या कपात झोपेची गोळी तर टाकली नसेल? रुग्णवाहिकेवर राहिलेली बाई, तिला काय अवघड आहे? तिने झटकन कप बदलले. धाकटी आली, बसली, एक घोट घेतला आणि तिचा चेहरा जरा वेडावाकडा झाला. चहात साखर होती, आणि धाकटीला साखरेचं पथ्य. इकडे थोरलीच्या वाट्याला काळा, कडू, बिनसाखरेचा काढा आला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींनीही कप तळापर्यंत संपवले.

"कसा झालाय?" धाकटीने विचारलं.

"उत्तम," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून धाकटी चहा ओतून कप मध्ये ठेवायची आणि थोरलीला आधी उचलू द्यायची. कशासाठी ते बोलली नाही. त्यामुळे थोरलीचा संशय उलट वाढला. इतकं समजून घेणारं माणूस काहीतरी लपवत असणारच.

आणि लपवत होतीच. दर थांब्यावर तिचा फोन वाजायचा. फोन आला की ती गाडीपासून लांब जायची, पाठ करून बोलायची आणि थोरली दिसली की "बरं, ठेवते," म्हणून बंद करायची. पेट्रोल भरताना एकदा थोरलीने विचारलं, "कोण गं?"

"मैत्रीण."

"मैत्रिणीशी एवढं भांडतात?"

"जुनी मैत्रीण आहे," धाकटी म्हणाली, आणि टाकीचं झाकण नको तितक्या जोराने फिरवलं.

धाकटी पाणी भरायला गेली की थोरली गाडी धुंडाळायची. बाकांखालची कपाटं, शेगडीमागची फट, सुटं चाक ठेवायची जागा. नक्की काय सापडायला हवं ते तिला माहीत नव्हतं. पण घड्याळ सापडलं तर बरं, असं वाटत होतं. घड्याळ सापडलं नाही. म्हणजे ते गाडीपेक्षा चांगल्या जागी दडवलंय, एवढं सिद्ध झालं.

मग घाट लागला. घाटमाथ्यावर, बर्फाने पांढऱ्या झालेल्या मोकळ्या जागेत धाकटीने इंजिन गार व्हायला गाडी थांबवली. फोन वाजला. ती उतरून गाडीच्या मागच्या बाजूला गेली. थोरलीने संडासाची छोटी खिडकी आधीच हेरून ठेवली होती. ती पडद्याआड गेली आणि खिडकीला कान लावला.

"नाही, अजून सांगितलं नाही," धाकटी म्हणत होती. "त्यांना काहीच माहीत नाही… अरे, कशी सांगू? तू सांगायला हवं होतंस. तुझी आई आहे… खोली धरून ठेवा म्हणावं त्यांना. मी पोचल्यावर बघते."

थोरली तिथेच टेकली. दोन अधिक दोन चार करायला वेळ लागला नाही. टेप, कोट, गोळ्या, हवापालट. कप ठणठणीत दिसत होता, आवाज घोगराच होता. तिच्या कानांनी बरोबर ऐकलं होतं. नेहमी असं बरोबर ठरलं की तिला एक प्रकारचं समाधान वाटे. आज वाटलं नाही. आज तिला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं.

धाकटीने किल्ली गाडीलाच ठेवली होती. थोरलीने ती काढली, कोटाच्या आतल्या खिशात घातली, वरपर्यंत बटणं लावली आणि बाकावर येऊन बसली.

धाकटी आली. स्टिअरिंगपाशी हात फिरवला, खाली वाकून बघितलं, मग मागे वळली.

"जाऊबाई, किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"तुम्ही कोटाची सगळी बटणं लावून बसलात, आणि गॅसचा हीटर चालू आहे. द्या."

"आधी सांग, मला कुठे टाकायला चाललीस?"

पुढच्या काचेवर वाफ धरली होती. तिने हीटर बंद केला, येऊन समोरच्या बाकावर बसली आणि मोजे काढून पाय चोळत राहिली.

"समुद्रावर एक घर आहे," ती शेवटी म्हणाली. "म्हाताऱ्यांचं. तुमच्या मुलाने मला पानगळीच्या दिवसांत विचारलं. म्हणाला, काकू, आई माझ्याबरोबर यायची नाही, तिला लगेच संशय येईल. तुम्ही फिरायला म्हणून न्या आणि तिथे पोचवा."

"आणि तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले."

"गोड बोलून गळा कापायला तू बरी सापडलीस त्याला."

"मी नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरी गाडी शोधली असती. तिच्यात बसून तुम्ही गेला असता, आणि मला महिन्याने कळलं असतं. मी म्हटलं, नेते. पण तिथे राहायचं की नाही ते जाऊबाई ठरवतील. तेव्हापासून रोज भांडतेय त्याच्याशी."

"मैत्रीण," थोरली म्हणाली.

"मैत्रीण," धाकटी म्हणाली.

"मग मला आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता?"

थोरलीने खरोखर विचार करून बघितला. धाकटी दारात येऊन म्हणते, जाऊबाई, तुमचा मुलगा तुम्हाला काढून टाकतोय. थोरलीने काय केलं असतं? ही घरात आग लावायला आली म्हणून तिला हाकलून दिलं असतं आणि वर पुन्हा घड्याळाची आठवण करून दिली असती.

"नाही," ती म्हणाली.

"मग?"

"आताही बसलेला नाही. हाही तुमच्या दोघांचा कावा असेल."

"असेल," धाकटी म्हणाली. "आता किल्ली द्या. इंजिन फार गार झालं तर या बर्फात इथेच राहावं लागेल."

थोरलीने किल्ली काढली, पण हातात दिली नाही. मधल्या टेबलावर, चहाचे कप ठेवायच्या जागी ठेवली.

घाट उतरल्यावर हवा बदलली. आधी मोजे निघाले, मग कोट, मग गाडीच्या काचा खाली आल्या. संध्याकाळचं ऊन कललेलं असताना रस्ता एका टेकाडावर चढला आणि समोर समुद्र आला. धाकटीने न विचारता गाडी कडेला घेतली. थोरली खाली उतरून बराच वेळ उभी राहिली.

"कसा आहे?" धाकटीने विचारलं.

"पलीकडचं काहीच दिसत नाही," थोरली म्हणाली. "असल्यावर भरवसा कसा ठेवायचा?" पण ती हलली नाही. अंधारून आल्यावर धाकटीने दंडाला धरून तिला गाडीत बसवलं.

किनाऱ्यालगत घरगाड्यांसाठी मोकळं मैदान होतं. नळ, दिवा, कपडे वाळत घालायला दोऱ्या. थंडीचा कंटाळा आलेली कितीतरी म्हातारी जोडपी तिथे गाड्या लावून बसली होती. धाकटी म्हणाली, "आता आराम करा. ते घर बघायचं नसेल तर बघू नका."

"बघणार," थोरली म्हणाली. "न बघता मी आजवर एक कपही पास केलेला नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. थोरलीने मनात त्या घराचं एक चित्र रंगवून ठेवलं होतं: गजांच्या खिडक्या, फिनेलचा वास, भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं. तसं काही नव्हतं. अंगणात दोन म्हातारे कशावरून तरी हमरीतुमरीवर आले होते, म्हणजे जिवंत होते. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता. थोरलीने नळ सोडून बघितला, गादी दाबून बघितली, जिन्याचा कठडा हलवून बघितला. व्यवस्था पाहणारी बाई हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्या मागून शांतपणे हिंडत होती.

"तुमच्यासाठी ही ठेवलीय," म्हणून तिने वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं.

खोली लहान होती. पलंग खिडकीला लावलेला, आणि सकाळचं ऊन थेट उशीवर पडलं होतं.

"पूर्वेची आहे," बाई म्हणाली. "तुमच्या मुलाने तेवढं एकच मागितलं होतं. आईला उठल्याबरोबर ऊन लागतं, नाहीतर दिवसभर चिडचिड करते, म्हणाले."

"फोनवर?"

"नाही, स्वतः आले होते. भर पावसात. पलंगावर आडवं होऊन बघितलं त्यांनी. डोक्याशी पलंग करकरतो म्हणून आम्हाला बदलायला लावला."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. पलंग करकरला नाही. मुलगा तिला टाकून द्यायला एवढा लांब आला होता, आणि टाकायच्या जागेवर आधी स्वतः झोपून बघून गेला होता. या गोष्टीला काय म्हणायचं? पोर वाईट निघालं म्हणावं तर तसं नव्हतं, आणि चांगलं म्हणावं तर जीभ वळत नव्हती. कपाचं बरं होतं. तो इकडे तरी जायचा, नाहीतर टोपलीत तरी.

तिने पदराने नाक पुसलं. धाकटी दारातच उभी राहिली, आत आली नाही, आणि थोरलीला ते बरं वाटलं.

बाहेर पडल्यावर थोरलीने धाकटीकडे हात केला. "फोन लाव त्याला."

मुलाने फोन लगेच उचलला. "हं काकू, बोला. पोचवलंत का?"

"काकू नाही," थोरली म्हणाली.

पलीकडे मागे भांडी वाजत होती, ती थांबली.

"खोली बघितली मी. ऊन चांगलं येतं. पलंग बदलून घेतलास, तेही कळलं."

"आई, ऐक ना. पोरगी मोठी झालीय, तिला खोली नाही. आणि तू दिवसभर एकटीच असतेस. तुझं-हिचं पटत नाही, रोज कुणीतरी रडतं. मी कुणाकुणाला—"

"ते सगळं खरं आहे."

"मग?"

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. तरी विचारायचं होतंस."

तो रडतोय हे तिला आवाजावरून कळलं. लहानपणापासून तो रडायच्या आधी घसा खाकरायचा. तिला त्याची कीव आली, रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतात हे तिला त्या वयात नव्यानेच कळत होतं.

"मी तिथे राहणार नाही," ती म्हणाली. "सांगून टाक त्यांना. थंडी संपली की येईन. तोवर पोरीला माझी खोली दे. पडदे मात्र खरंच शिव. उन्हाने तिची झोप मोडेल."

आणि तिने फोन बंद केला. नीट बंद झालाय का ते दोनदा तपासलं.

मैदानाकडे चालत येताना धाकटीने विचारलं, "थंडी संपल्यावर कुठे येणार? खोली तर देऊन टाकलीत."

"तुझ्याकडे दोन खोल्या आहेत ना?"

"आहेत. एकीत ऊन येत नाही."

"ती तू घे," थोरली म्हणाली.

तो हिवाळा दोघींनी त्या दातांच्या गाडीत काढला. थोरलीचा खोकला तिथे गेला तो गेलाच. शेजारच्या गाडीतला निवृत्त न्हावी फुकट केस कापून द्यायचा. तो फुकट का कापतो याचा छडा लावण्यात तिचे बरेच दिवस मजेत गेले. शेवटी तो एकटा पडलाय आणि त्याला कुणाच्या तरी डोक्याशी बोलायचं असतं, एवढंच निघालं, आणि ती जरा हिरमुसली. रोज सकाळी ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. एकदा लाटेने चप्पल नेली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं ती धाकटीला समाधानाने म्हणाली.

परत आल्यावर ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावर राहायला गेली. दोघी दिवसातून दोनदा भांडत. मुलगा दर रविवारी येऊ लागला. पहिले काही रविवार तो दारातच उभा राहायचा, मग बसू लागला, मग जेवू लागला. तो काही आणायचा तेव्हा थोरली पिशवी उघडून आधी तळाशी बघायची आणि मग वरचं घ्यायची. तोही तेवढा वेळ गप्प थांबायचा. नात मधल्या वारी एकटीच यायची, आजीच्या अंथरुणावर लोळायची आणि घरातल्या बातम्या सांगायची. त्यातल्या निम्म्या थोरली खऱ्या धरायची.

पुढच्या वर्षी पानं गळायला लागली तशी धाकटी एक दिवस हात पुसत आत आली. "जाऊबाई, गाडीचे ब्रेक बघून घेतलेत. यंदा येणार का?"

थोरलीने चष्म्यावरून तिच्याकडे रोखून बघितलं. "तुला कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मी विचारतेय."

खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"येईन," ती म्हणाली. "पण या खेपेला रस्त्यावरच्या खुणा तू पाठ कर. मी समुद्राकडे बघणार आहे."